काही काम नव्हते, म्हणून!

गुन्हा कबूल करूनच या लेखाला आरंभ करतो. २०२५ सालच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, मी आणि माझी मावशी मुंबईहून विमानाने गोव्याला गेलो, वास्कोच्या एका खानावळीत बांगड्याचे हुमण आणि भात जेवलो, आणि संध्याकाळच्या विमानाने परत आलो. गोव्यात आमचे कोणी राहत नाही. लग्न नव्हते, मुंज नव्हती, कोर्टाची तारीख नव्हती, नवस फेडायचा नव्हता. समुद्रच पाहायचा असता तर तो मुंबईत फुकट आहे. विमानात बसायचे होते म्हणून विमानात बसलो. आणि विमानाला कुठे तरी उतरावेच लागते, म्हणून गोव्यात उतरलो. दोघांचे जाण्यायेण्याचे मिळून साडेनऊ हजार रुपये पडले. ते माझे होते. कर्ज काढलेले नव्हते, की कोणाचे बुडवलेले नव्हते.

गोष्ट एवढीच. पण पाडव्याच्या जेवणावर ती माझ्या तोंडून सहज निसटली आणि श्रीखंडाच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या. माझे मेहुणे एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत. दिल्ली आणि बंगळूर मिळून महिन्यातून चारदा तरी त्यांचे विमान होते. त्यांनी पुरीचा तुकडा खाली ठेवला आणि विचारले, “पण काम काय काढलं होतंत?”

“काही नाही. उगाच.”

“उगाच?” हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू मी मावशीला गुत्त्यावर घेऊन गेलो होतो.

तेव्हापासून हा ‘उगाच’ माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. आम्हां मराठी माणसांना या शब्दाची इतकी दहशत का? लहानपणी “कुठे निघालास?” या प्रश्नाला “उगाच” असे उत्तर दिले की पाठीत धपाटा बसत असे. हातात पिशवी असली तर मात्र गावभर हिंडायला मुभा. आमचा सारा प्रवास असा पिशवी हाती धरून झालेला आहे. काशीयात्रा करून आलेल्या आज्या गंगेविषयी दोन वाक्ये बोलत आणि आगगाडीविषयी दोन तास. पण “मला आगगाडीत बसायचे आहे” असे म्हणून घराबाहेर पडण्याची त्यांची काय छाती होती? गंगामाईच्या पदराआड आगगाडीची हौस लपवावी लागे. आणि विमान तर आमच्या मनात फार दिवस एकाच कामाचे होते. ते तुकोबांना न्यायला आले आणि घेऊन गेले. ज्या वाहनाची आमची पहिली ओळखच परत न येण्याची, त्याच्यातून एखादी म्हातारी दुपारच्या जेवणाला जाऊन दिवेलागणीला घरी येते, हे सहजासहजी कसे पचावे?

मेहुण्यांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. जेवणावर वाद घालू नये असे आमच्या घरचे वळण आहे. आता देतो.

माणसाचे पहिले विमान कुठे गेले, हे मेहुण्यांनी कधी मनाला विचारले आहे का? १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून ऑर्व्हिल राइटने यंत्र उचलले, ते बारा सेकंद हवेत राहिले आणि एकशेवीस फुटांवर उतरले. एकशेवीस फूट! आमच्या चाळीची गॅलरी त्याहून लांब होती. तिथे त्याचे काय काम होते? टपाल टाकायचे होते, की सभा गाठायची होती? तो वर गेला आणि खाली आला, आणि त्या वर जाण्याखाली येण्याकरिताच दोघा भावांनी कित्येक वर्षे सायकलच्या दुकानात हात काळे केले होते.

आमच्या देशाचे पाहा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण ही टपालसेवेची कल्पना टाटांकडे घेऊन आलेले नेव्हिल व्हिन्सेंट हे गृहस्थ त्याआधी या देशात काय करत फिरत होते? लोकांना पैसे घेऊन विमानातून चक्कर मारून आणत होते! जत्रेतल्या पाळण्यासारखी, वर जायचे आणि खाली यायचे. म्हणजे ज्या धंद्याच्या जोरावर माझे मेहुणे दिल्लीच्या बैठकीला पोचतात, त्याच्या पायातला एक दगड उगाच उडणाऱ्यांच्या वर्गणीचा आहे. खुद्द टाटांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच कराची-मुंबई प्रवास एका जुन्या छोट्या विमानातून, स्वतः चालवत, पुन्हा केला. पन्नास वर्षांची आठवण म्हणून. टपाल न्यायला तोवर दुसरी साधने पुष्कळ झाली होती. त्या दिवशी जुहूला जमलेल्यांपैकी कोणी “पण काम काय काढलं होतंत?” असे विचारल्याची नोंद नाही. टाटांनी केले तर तो सोहळा, आणि जरीमरीच्या म्हातारीने केले तर तो माज, असा हा न्याय आहे.

(जाता जाता सांगतो: स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जाते. अंतर तीन किलोमीटरही नाही, वेळ दोन मिनिटांच्या आत. तिथले शिक्षक आणि रुग्ण त्यातून जातात ते कामासाठी. पण जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास केला, एवढे म्हणायला मिळावे म्हणूनही लांबलांबून माणसे तिथे पोचतात. आमचा तासाभराचा गोवा त्यापुढे महायात्राच म्हणायची.)

आता ज्यांना काम असते त्यांच्याकडे वळू. आमच्या सकाळच्या विमानात ते भरपूर होते. गळ्यात ओळखपत्रे, मांडीवर संगणक. आमच्या ओळीतल्या कडेच्या गृहस्थांनी बसल्याबरोबर डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. पुढच्या तिन्ही ओळींत खिडक्यांचे पडदे खाली होते. खाली सबंध कोकण पसरलेले, खाड्यांचे वेटोळे, तांबड्या कड्यांना लागून पांढऱ्या फेसाची किनार, आणि या मंडळींना ते नको होते! त्यांच्या तिकिटाचे पैसे कंपनीने दिलेले. ज्या सभेला ते निघाले होते त्या सभा टेलिफोनवर होऊ शकतात, हे २०२० च्या टाळेबंदीत सर्वांनी वर्षभर सिद्ध करून दाखवले आहे. त्या एका वर्षात ना बँका बुडाल्या, ना कारखान्यांच्या हिशेबवह्या कोऱ्या राहिल्या. टाळेबंदी उठली आणि सगळे पुन्हा पट्ट्या बांधून विमानात येऊन झोपले. मग मला सांगा, ‘उगाच’ कोण उडत होते? जी बाई तासभर काचेला नाक लावून बसली होती ती, की झोप काढायला एवढे उंच चढलेले ते?

माझी मावशी शहात्तर वर्षांची आहे. जन्म विजयदुर्गाजवळच्या एका वाडीतला. १९६० नंतरच्या त्या दशकात लग्न होऊन ती मुंबईला आली ती आगबोटीने. पडावात बसून बोटीपर्यंत जायचे, डुलत्या शिडीवरून वर चढायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि उजाडले की भाऊच्या धक्क्याची वाट पाहायची. पुढे बोटी बंद झाल्या, एस्टी आली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. मावशी या सर्वांत बसली. बसली नाही ती एका वाहनात, आणि तेच वाहन पन्नासहून अधिक वर्षे तिच्या डोक्यावरून जात होते.

कारण तिने संसार मांडला तो कुर्ल्याच्या जरीमरीला, बैठ्या चाळीत, पत्र्याखाली. मुंबईत उतरणारी विमाने वर्षातले बहुतेक दिवस घाटकोपरच्या टेकडीवरून पश्चिमेकडे तोंड करून येतात, ती या वस्तीवरून. इतकी खाली की पोटावरची अक्षरे वाचता येतात. विमान आले की तिथे बोलणे थांबते. पाहुणा अर्ध्या वाक्यावर थबकतो, मावशी चहाची बशी धरून थांबते, आणि आवाज ओसरला की पाहुणा उरलेले वाक्य पुरे करतो. नव्याने जाणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. तिथल्या माणसांना ते कळतही नाही. माझे काका गेले त्या दुपारी ते काही तरी बोलले. वरून विमान जात होते. ते काय बोलले हे तिला समजले नाही. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता.

आता मला असे विचारायचे आहे की या विमानांचे देणे कोण कोणाला लागते? ज्याने तिकीट काढले त्याने कंपनीचे पैसे चुकते केले. पण जिच्या पत्र्यावरून तो गेला तिचे काय? तिच्या झोपेचे, तिच्या नातवंडांच्या अभ्यासाचे, त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यांचे भाडे कोणत्या खिडकीवर मिळते? पन्नास वर्षे आवाज सोसून एकदा खिडकीशी बसायला मिळणे ही चैन नव्हे. थकलेल्या हिशेबातली ती पहिली किरकोळ रक्कम आहे.

विमानतळ तिच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तपासणीच्या ठिकाणी तिच्या बटव्यातून अडकित्ता निघाला. तो आत नेता येत नाही असे तिथल्या मुलीने सांगितले. बिचारी सौजन्याने सांगत होती. मावशी म्हणाली, “ह्या अडकित्त्यान मी विमान कापतलंय की काय?” मुलगी हसली, अडकित्ता गेला तो गेला. सासूचा होता. त्या दिवसातले खरे नुकसान तेवढे एक, आणि त्याला मी जबाबदार आहे. घरून निघताना बटवा पाहायला हवा होता.

विमान वर चढले. दहा-पंधरा मिनिटे ती काही बोलली नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “झिला, आतमधी तर कायच आवाज ऐकाक येणा नाय रे!”

या एका वाक्यापुढे माझ्या साऱ्या लेखाची काही किंमत नाही हे मी जाणून आहे. विमानाचा आवाज विमानात बसणाऱ्यांचा नसतो. तो खालच्यांसाठी असतो. वर बसलेल्यांना एक मंद गुणगुण, खाली राहणाऱ्यांना गडगडाट. तिला हे समजायला शहात्तर वर्षे आणि साडेनऊ हजार रुपये लागले, आणि माझ्या मेहुण्यांना महिन्यातून चारदा जाऊनही समजलेले नाही.

थोड्या वेळाने तिला विजयदुर्ग दिसला. तो विजयदुर्ग होता की देवगड, की नुसतेच एखादे पाण्यात शिरलेले भूशीर, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तिने काचेवर बोट ठेवून ती खाडी, तो डोंगर, ती शाळेची बाजू असे सगळे लावून टाकले, आणि ज्या पाण्यावरून तिची बोट रात्रभर डुलत आली होती ते पाणी बोटाच्या एका पेरात मावले. मी वाद घातला नाही.

इथे एक कबुली. चिपीचा विमानतळ तिच्या गावापासून गोव्याहून जवळ. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. मुंबईची सवलतीची फेरी तिथे तीन वर्षे चालली आणि सवलतीची मुदत सरताच २०२४ मध्ये थांबली. ती चालू असती तर आम्ही चिपीलाच गेलो असतो आणि “गावी जाऊन आलो” असे सांगून मेहुण्यांच्या कोर्टातून निर्दोष सुटलो असतो. सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली अशा पुष्कळ फेऱ्या मंजूर झाल्या. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, तोटा भरून द्यायला सरकारी अनुदान, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला पहिले विमान. पायात स्लीपर घालणारा माणूस विमानात बसला पाहिजे, असे खुद्द पंतप्रधानांचे म्हणणे होते. पण महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात पाहावे तर योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झालेले नव्हते, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी करणारे अवघे ११२. या अपयशाला कारणे अनेक आहेत. छोटी विमाने मिळत नाहीत, धावपट्ट्या अपुऱ्या राहतात. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. स्लीपरवाल्याला विमानाचे ‘काम’ असते तरी कधी? त्याला काय मंत्रालयात ठेका मिळवायचा आहे? तो बसणार तो हौसेनेच बसणार, आयुष्यात एकदा किंवा दोनदा. त्याच्या नावाने योजना काढायची आणि तो हौसेने बसला की नाक मुरडायचे, हे कसे चालेल?

मेहुण्यांचा समाचार इथे संपतो. पण त्या दिवशी पंगतीत माझी भाचीही होती, आणि तिचा प्रश्न मेहुण्यांच्या प्रश्नासारखा झटकून टाकण्याजोगा नव्हता. ती कॉलेजात पर्यावरण शिकते. ती म्हणाली, “मामा, काम होतं की नव्हतं ते जाऊ दे. तुम्ही दोघांनी त्या एका जेवणापायी किती धूर सोडलात, त्याचा हिशेब केलास का?”

नव्हता केला. मग घरी येऊन केला. विमानाचे इंधन म्हणजे रॉकेलचाच एक प्रकार. ते किलोभर जाळले की तीन किलोंहून थोडा अधिक कार्बन वायू होतो. भरलेल्या विमानात मुंबई-गोवा माणशी पंधरा-वीस किलो इंधन धरले, तर जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलो वायू माझ्या नावावर पडतो आणि तितकाच मावशीच्या. घरच्या गॅसच्या भाषेत बोलायचे तर दोघांचे मिळून पाच-सहा सिलिंडर एका दिवसात. वर उंचावर विमानामागे जे पांढरे पट्टे उठतात त्यांचाही ताप असतो, तो निराळा. हा आकडा लहान नाही. छोट्या पल्ल्याचे विमान तर चढण्यातच पुष्कळ इंधन पिते, म्हणून अंतराच्या मानाने ते अधिक महाग पडते. भाचीचे म्हणणे मला मान्य आहे, आणि मान्य आहे म्हणूनच हिशेब अर्ध्यावर न सोडता शेवटपर्यंत करू.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की २०१८ या वर्षात जगातल्या शंभरांतली सुमारे अकराच माणसे विमानात बसली. आणि प्रवासी विमानांच्या एकंदर धुरातला निम्म्याहून अधिक वाटा जगातल्या शंभरांतल्या एकाचा होता. शंभरांतल्या एकाचा! भारतातला माणूस वर्षाकाठी सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन वायू जगाला देतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. मावशीच्या घरी मोटार नाही, थंड हवेचे यंत्र नाही. तिच्या शहात्तर वर्षांच्या चुलीचा आणि रॉकेलच्या बत्तीचा सगळा धूर एका पारड्यात घातला आणि वर हे गोव्याचे जेवण ठेवले, तरी माझ्या मेहुण्यांच्या गेल्या काही वर्षांच्या पारड्याला ते उचलू शकणार नाही. मग धुराची लाज कोणी वाटून घ्यायची? स्वीडनमध्ये २०१८ च्या सुमारास विमानप्रवासाची लाज वाटण्याला एक स्वतंत्र शब्दच तयार झाला. चांगली गोष्ट आहे. पण लाजेचा स्वभाव असा की ती नेमकी ज्याला वाटायला हवी त्याच्याकडे जात नाही. वाटेत जो गरीब दिसेल त्याच्या अंगणात उतरते.

आणि कंपन्या काय करतात ते पाहा. जो जास्त उडतो त्याला बक्षीस! प्रत्येक फेरीला गुण, गुण साठले की फुकट तिकीट, आणखी साठले की मऊ खुर्च्यांची निराळी खोली आणि उकडलेली अंडी. व्यसनी माणसाला दहाव्या प्यालानंतर अकरावा फुकट देणाऱ्या दुकानाला आपण काय म्हणू? ब्रिटनमध्ये काही अभ्यासकांनी याच्या नेमकी उलट योजना सुचवली आहे. वर्षातल्या पहिल्या विमानप्रवासावर कर नको, दुसऱ्यावर थोडा, तिसऱ्यावर अधिक, आणि असा चढत जाणारा. मला ही योजना शहाणपणाची वाटते. आमच्याकडे उद्या ती आली तर मावशीला एक पैसा पडणार नाही आणि मेहुण्यांच्या कंपनीचा खजिनदार दर महिन्याला कपाळावर हात मारून घेईल. मग त्या दिल्लीच्या सभा टेलिफोनवर कशा होत नाहीत, ते पाहू.

भाचीने यावरही मला सोडले नाही, आणि तिचे बरोबर होते. ती म्हणाली, “म्हणजे तू उगाच उडण्याचा पुरस्कार करणार, आणि मग दर शनिवारी लोक उठून गोव्याला जेवायला जाणार.” नाही. तो पुरस्कार मी करत नाही. युरोपात स्वस्त विमानांनी हेच झाले आहे. इंग्लंडमधली तरुण मंडळी पहाटे उठून इटलीत जातात, एक पिझ्झा खातात, छायाचित्रे काढतात आणि रात्री घरी येतात. पुढच्या आठवड्यात दुसरा देश. वरवर पाहता आमचा बुधवार आणि त्यांचा शनिवार सारखाच. पण ज्याला दर शनिवारी विमान मिळते तो चौथ्या शनिवारी पडदा ओढून झोपतो. त्याचा ‘उगाच’ तिथेच मरतो आणि उरते ती नुसती सवय. फ्रान्सने २०२३ मध्ये कायदाच केला की जिथे अडीच तासांच्या आत आगगाडीने पोचता येते अशा काही मार्गांवर विमान चालवायचे नाही. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून ल्यों, नांत आणि बोर्दो या फेऱ्या त्यात गेल्या. मी त्या कायद्याला दोन्ही हात वर करून मत देईन. उद्या कोणी मुंबई-पुणे विमानाची बढाई मारू लागला तर मी त्याला १९३० पासून धावणाऱ्या दख्खनच्या राणीत बसवून खंडाळ्याच्या घाटातला पाऊस दाखवीन. आणि गणपतीच्या दिवसांत कोकणची गाडी कशी भरते हे ज्याने पाहिले आहे, तो विमानतळाच्या आधी दोन डबे मागेल. माझे भांडण आगगाडीशी नाही. माझे भांडण आहे ते सवयीने उडणाऱ्यांनी हौसेने उडणाऱ्याला उपदेश करण्याशी.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी मावशीने काय पाहिलं ते सांग.” तेव्हा मी तिला परतीचे सांगितले.

परतताना मी मुद्दाम डावीकडची खिडकी मागून घेतली होती. तिचे वेगळे पैसे पडले, पण ती हवीच होती. त्या संध्याकाळी विमान पूर्वेकडूनच उतरले. खाली दिवे लागत होते. घाटकोपर आले, टेकडीवरची घरे इतकी जवळ आली की गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजावेत, आणि मग निळ्या प्लास्टिकचे आणि गंजक्या पत्र्यांचे ते छत पसरले. मावशी ताठ बसली. वस्ती डोळ्यांपुढून जायला किती वेळ लागतो? पाच सेकंद, सहा सेकंद. तेवढ्यात तिने हात वर केला आणि काचेतून खाली हलवला. कोणाला, ते मी विचारले नाही. चाके टेकल्यावर म्हणाली, “आता खाली शेजारीण बोलता बोलता थांबली असतली.”

त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादला विमान पडले. विमानातली २४१ माणसे गेली आणि जमिनीवरची १९. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुले जेवत होती. मेहुण्यांनी मला त्या रात्री फोन केला. ते वाईट मनाने बोलले नाहीत, पण बोलले: “बघा, कामाशिवाय कशाला जीव धोक्यात घालायचा?” त्यांची स्वतःची दिल्लीची तिकिटे त्यांनी रद्द केली नव्हती, हा भाग सोडा. कोकणच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून अधिक जीव गेले, आणि तरी माझी मावशी पुढे बोटीनेच नांदायला आली. मला त्या बातमीत दिसली ती ती जमिनीवरची एकोणीस माणसे. ज्यांनी तिकीट काढले नव्हते, ज्यांना कुठे जायचे नव्हते. मी दुसऱ्या दिवशी जरीमरीला गेलो. मावशी दारात बसून सुपारी खलबत्त्यात कुटत होती, अडकित्ता नव्हता म्हणून. आम्ही बोलत होतो आणि बोलता बोलता थांबत होतो. एकदा वर पाहून ती म्हणाली, “आता मला ठावक हा आतली माणसा काय बघतत ती.”

चाळीतल्या तिघींनी तिच्यामार्फत मला निरोप धाडला आहे. एकीचे वय एकोणसत्तर, एकीचे बाहत्तर, तिसरी वय सांगत नाही. पैसे त्या स्वतःचे देणार आहेत, भिशीचे. दिवाळी उलटल्यावर, भाडे उतरले की, पुन्हा एक बुधवार पाहायचा आहे. अडकित्ते घरी ठेवायला सांगितले आहे. फक्त डावीकडच्या खिडक्या तीन हव्यात, आणि त्या एकामागे एक मिळतील का, याची चौकशी सध्या चालू आहे.